चाचणीचा पेपर फुटतो तेव्हा

दिवाळी अंकाच्या समितीकडून दरवर्षी मला एकच निरोप येतो, "तुमच्याकडून एखादी रेसिपी येऊ दे हं!" गेली तीन वर्षं मी ती इमानेइतबारे देत आलेय. भाजणीची चकली झाली, ओव्हनमधली शंकरपाळी झाली, इथल्या डब्यातल्या पंपकिनचे घारगेही झाले. यंदा मात्र मी हट्ट धरला, की मला सर्च क्लस्टरच्या चाचणीवर लिहायचंय. फोनवर पलीकडे दोन क्षण शांतता. मग हळूच प्रश्न आला, "अहो, पण ते तुमच्या मिस्टरांचं क्षेत्र ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणजेच हा लेख.

आणि समितीला वाईट वाटू नये म्हणून सांगते, या गोष्टीची सुरुवातही रेसिपीपासूनच होते. शाय बॅनन नावाचा एक इस्रायली प्रोग्रामर बायकोबरोबर लंडनला आला. ती तिथे 'ल कॉर्दों ब्लू' या पाकशाळेत शिकत होती आणि याच्या हाताला काम नव्हतं. बायकोच्या पाककृती वाढत चालल्या होत्या. त्यातली हवी ती चटकन सापडावी म्हणून त्याने शोधाचा एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्यातून आधी 'कंपास' निघालं, आणि तेच नव्याने लिहिता लिहिता २०१० च्या फेब्रुवारीत 'इलॅस्टिकसर्च' जगासमोर आलं. आज दुकानांच्या साइटवर वस्तू शोधण्यापासून कंपन्यांच्या लॉगमधली गडबड हुडकण्यापर्यंत असंख्य ठिकाणी ते चालतं. पाककृतींचं ते अॅप मात्र बायकोला अजून मिळायचंय, असं गमतीने सांगतात. जगात सगळीकडे नवरे सारखेच, असं मी हे ऐकल्यावर म्हटलं होतं.

लक्ष्मीपूजनाचा फोन

मी मूळची साताऱ्याची. मराठीत एम. ए. केलं, मग सहा वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवलं. लग्नानंतर इथे नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला आले ती एच-४ व्हिसावर. या व्हिसाची कहाणी आपल्या मंडळातल्या अनेक घरांना नव्याने सांगायला नको. २०१५ पासून काही एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला खरा, पण त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्याला पोचलेला असावा लागतो. आमचा पोचला नव्हता. त्यामुळे घर, लेक आणि रविवारची मराठी शाळा, एवढंच माझं जग होतं.

नवरा एंटरप्राइझ स्टोरेजच्या क्षेत्रात परफॉर्मन्स इंजिनिअर आहे. मोठ्या कंपन्यांचा डेटा प्रत्येक सर्व्हरच्या पोटात ठेवण्याऐवजी फ्लॅश डिस्कनी भरलेल्या एका मोठ्या कपाटात ठेवतात आणि अनेक सर्व्हर नेटवर्कवरून ते कपाट वापरतात. ग्राहकाने "आम्हाला इलॅस्टिकसर्च चालवायचंय" म्हटलं, की त्याला किती सर्व्हर लागतील, किती जागा लागेल आणि कपाटाला तो भार झेपेल का, हे चाचण्या करून सांगायचं, हे याचं काम. ते लोक त्याला 'सायझिंग' म्हणतात. मी म्हणते, किती पानांचा स्वयंपाक करायचा ते ठरवणं.

दोन वर्षांपूर्वीची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पाटावर लक्ष्मी मांडलेली, लाह्या-बत्तासे काढलेले, लेक परकर-पोलकं घालून फुलबाजीसाठी घाई करतेय, आणि याचा फोन वाजला. त्याने आदल्या वर्षी सायझिंग केलेल्या एका ऑनलाइन दुकानाचा सर्च अडकला होता. झब्बा घातलेलाच हा लॅपटॉप उघडून बसला तो पहाटे साडेचारला उठला.

काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. सेलचे दिवस होते. त्यात एक सर्व्हर बंद पडला. त्याच्यावरच्या प्रतींची जागा उरलेल्या सर्व्हरनी घ्यायची असते, पण त्यांच्या वाट्याच्या जागा आधीच भरत आलेल्या. इलॅस्टिकसर्चने यासाठी तीन खुणा मुळातच आखून दिल्या आहेत. डिस्क ८५ टक्के भरली की त्या सर्व्हरवर नवा तुकडा ठेवायचा नाही. ९० टक्क्यांना असलेले तुकडे दुसरीकडे हलवायला लागायचं. आणि ९५ टक्के झाले की त्या सर्व्हरवर ज्यांचा तुकडा आहे त्या सगळ्या सूच्यांना कुलूप! वाचता येईल, लिहिता येणार नाही. त्या रात्री ९५ ची रेघ ओलांडली गेली. दुकानाचे बदललेले भाव आणि संपलेला माल सर्चला कळेना. जीवितहानी वगैरे काही नाही, पण सायझिंगच्या कागदावर नाव याचं होतं. सरासरी दिवसाचा हिशोब बरोबर होता. एक सर्व्हर पडेल आणि तोही गर्दीच्या दिवशी, हे त्यात धरलेलं नव्हतं.

एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर साठ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात दुसरी मिळवायची, नाही तर गाशा गुंडाळायचा. ते साठ दिवस त्या रात्री आमच्या जेवणघरात येऊन बसले. नोकरी गेली नाही, पण याची झोप गेली. पुढचं प्रत्येक सायझिंग तीनतीनदा तपासायचा. आणि रात्री जेवणानंतर मला समजावून सांगायचा. मला कळावं म्हणून नव्हे, सांगताना स्वतःची चूक सापडते म्हणून. पण शिक्षिकेला काही समजावून सांगितलं की ती प्रश्न विचारणारच.

शब्दसूची आणि डबे

पहिला प्रश्न मी विचारला, तो हा, की इतक्या अफाट मजकुरात एक शब्द निमिषात सापडतो कसा? त्याने सांगायला सुरुवात केली आणि मी हसायलाच लागले. एम. ए.च्या वेळी मी 'लीळाचरित्रा'तल्या घरगुती वस्तूंच्या शब्दांची सूची केली होती. एकेका कार्डावर एकेक शब्द आणि त्याखाली तो कोणत्या लीळेत येतो त्याचे आकडे. ग्रंथ वाचत बसायचं नाही, कार्ड काढायचं. संगणकही हेच करतो. फक्त त्याची कार्डं कोट्यवधी असतात.

ही कार्डं करणारं, इलॅस्टिकसर्चच्या आत चालणारं यंत्र म्हणजे 'लूसीन'. डग कटिंग यांनी ते १९९९ मध्ये लिहिलं आणि त्याला बायकोचं मधलं नाव दिलं. पुढे त्यांनी मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं नाव 'हडूप'ला दिलं. या क्षेत्रात घरची माणसं अशी जागोजागी भेटतात.

लूसीनची एक सवय समजली की पुढचं सगळं सोपं होतं. ते एकदा लिहिलेलं पुन्हा खोडत नाही. नवा मजकूर आला की नवा छोटा डबा भरायचा. जुनं काही रद्द झालं तर त्यावर फक्त खूण करायची. छोटे डबे फार झाले, की त्यातलं चांगलं तेवढं घेऊन एक मोठा डबा भरायचा आणि छोटे फेकायचे. हे एकत्रीकरण मागच्या मागे चालू असतं आणि ते करताना डिस्कवर भरपूर वाचणं-लिहिणं होतं. म्हणजे एकदा आलेला मजकूर डिस्कवर एकदाच लिहिला जात नाही, अनेकदा लिहिला जातो. दहा मिनिटांच्या चाचणीत हा मोठा डबा भरायची वेळच येत नाही. येते ती नंतर, ग्राहकाकडे.

मोठ्या सूचीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात, त्यांना 'शार्ड' म्हणतात. प्रत्येक शार्डची एक तरी जादा प्रत दुसऱ्या सर्व्हरवर असते, ती 'रेप्लिका'. एक शार्ड साधारण १० ते ५० जीबीचा असावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. फार मोठा झाला तर सर्व्हर पडल्यावर हलवायला वेळ लागतो. फार छोटे केले तर नुसता हिशोब ठेवण्यातच सर्व्हर दमतो. पूर्वी इलॅस्टिकसर्च न विचारता प्रत्येक सूचीचे पाच तुकडे करायचं. २०१९ पासून एकच करतं. लोक विचार न करता तुकडे वाढवून बसत, म्हणून.

तेच दहा प्रश्न

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. नवा आणि मोठा ग्राहक, लॉग शोधण्याचं काम. विक्रीवाल्यांनी "सहा सर्व्हर पुरतील" असं आधीच बोलून ठेवलेलं. याने चाचणी लावली ती 'रॅली' नावाच्या साधनाने. इलॅस्टिकसर्चवाल्यांनीच ते बनवलंय. त्यात ट्रॅक असतो, कार असते, रेस असते. रात्री याच्या तोंडून "आज रेस तीन तास चालली" ऐकून सासूबाईंनी फोनवर काळजीने विचारलं होतं, "हा घोड्यांच्या नादाला तर लागला नाही ना गं?"

रॅलीबरोबर तयार ट्रॅक मिळतात. त्यातल्या 'जिओनेम्स'मध्ये जगभरच्या स्थळनामांच्या १ कोटी १४ लाखांच्या आसपास नोंदी आहेत, पण सगळा मजकूर मिळून ३.३ जीबी. सर्व्हर सुरू आहे का, एवढं बघायला तो ठीक. याला ग्राहकासारखा डेटा हवा होता. ग्राहकाने गुप्ततेमुळे चिमूटभर नमुना दिला. याने त्याच्या प्रती करत करत एक टीबी केला. चाचणी केली. निकाल पाहून स्वारी खूश. शंभरातले नव्याण्णव शोध बारा मिलिसेकंदांच्या आत!

मी पोळ्या लाटत होते. सहज विचारलं, "शोध म्हणजे प्रश्नच ना? मग प्रश्न कोणी काढले?"

"मीच काढले. दहा प्रकारचे."

"दहा? आणि किती वेळा विचारले?"

"दोन तास सतत. लाखो वेळा झाले असतील."

"अरे, मग तुझा पेपर फुटला की! तेच दहा प्रश्न लाख वेळा विचारलेस, तर वर्गातला शेवटच्या बाकावरचासुद्धा पाठ म्हणून दाखवेल."

तो काही बोलला नाही. हात धुऊन थेट लॅपटॉपकडे गेला. पोळी तव्यावर, आणि हा कपाटाचा आलेख बघतोय. दोन तासांच्या चाचणीत डिस्कवरचं वाचन जवळजवळ शून्य होतं. ज्या कपाटाची परीक्षा घ्यायची, ते झोपलेलं होतं!

कारण असं. एकदा वाचलेल्या फायली ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत धरून ठेवते. पुन्हा मागितल्या तर डिस्ककडे जात नाही. म्हणूनच सर्व्हरच्या मेमरीतली निम्म्याहून जास्त इलॅस्टिकसर्चच्या स्वतःच्या हीपला देऊ नका, उरलेली या साठवणीसाठी मोकळी सोडा, असा नियम आहे. सहा सर्व्हर, प्रत्येकी ६४ जीबी, म्हणजे निम्मी धरली तरी १९२ जीबी मेमरी हाताशी. आणि सूची झाली होती जेमतेम दीडशे जीबीची. एक टीबीची इतकी छोटी कशी? कारण मजकूर तोच तो होता. नवे शब्द आलेच नाहीत, त्यामुळे कार्डं वाढलीच नाहीत, कार्डांवरचे आकडे तेवढे वाढले. वर सारखा मजकूर दाबून बसवणं तर सोपंच. अख्खी सूची मेमरीत मावली आणि याने चाचणी केली ती मेमरीची.

म्हणजे पेपर दोनदा फुटला होता. प्रश्न तेच आणि धडाही एकच. त्यात परीक्षेला वेळही अपुरा, दोनच तास.

रांगेचं गणित

पुढचे तीन आठवडे घरात रॅलीचंच राज्य. ग्राहकाकडून नावं-पत्ते पुसलेला एका दिवसाचा खरा प्रश्नसंच मागवला. लॉगमध्ये कोणता शब्द किती वेळा येतो ते प्रमाण सांभाळून, पण दर नोंद वेगळी, असा डेटा तयार केला. तो मेमरीच्या कितीतरी पट ठेवला. चाचणी आठ-आठ तासांची, एकीकडे लिहिणं चालू आणि एकीकडे शोधणं. आणि प्रश्न विचारणारं यंत्रच थकून धिमं पडत नाही ना, यावरही नजर. परीक्षकालाच झोप लागली तर विद्यार्थ्याला दोष कसा द्यायचा?

यात मी दोन गोष्टी शिकले, त्या प्रत्येकाला उपयोगी पडतील.

पहिली, सरासरीवर विश्वास ठेवू नका. वर्गाची सरासरी ७२ आली म्हणून मुख्याध्यापक पेढे वाटतात, पण त्यात नापास झालेली पाच मुलं कुठे दिसतात? म्हणून हे लोक 'नव्याण्णवावा पर्सेंटाइल' बघतात, म्हणजे शंभरातले नव्याण्णव शोध किती वेळात आटोपले. तेवढ्यानेही भागत नाही. एक शोध अनेक शार्डकडे जातो आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पूर्ण होत नाही. मंडळाच्या सहलीची बस जशी शेवटचं कुटुंब येईपर्यंत सुटत नाही, तसंच. प्रत्येक शार्ड शंभरात एकदाच रेंगाळतो असं धरलं आणि शोध वीस शार्डकडे गेला, तर त्यातला एक तरी रेंगाळण्याची शक्यता १८ टक्के होते. गूगलच्या जेफ्री डीन आणि लुईझ बरोझो यांनी २०१३ मध्ये हा मुद्दा शंभर सर्व्हरचं उदाहरण घेऊन मांडला होता. तिथे हाच आकडा ६३ टक्क्यांवर जातो.

दुसरी गोष्ट रांगेची. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवण वाढणारे स्वयंसेवक म्हणतात, "आम्ही एका ताटाला वीस सेकंद लावतो." खरंच आहे ते. पण रांगेत पंधरा मिनिटं उभ्या असलेल्या आजोबांना विचारा! रॅली या दोन्ही वेळा वेगळ्या मोजतं. ताट हातात घेतल्यापासूनची ती 'सर्व्हिस टाइम' आणि रांगेत उभं राहिल्यापासूनची ती 'लेटन्सी'. ग्राहकाला जाणवते ती दुसरी. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. दर मिनिटाला बारा माणसं येत असतील आणि प्रत्येक जण आत पाच मिनिटं राहत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी साठ माणसं आत असणार. सर्चचंही तेच. सेकंदाला ५०० शोध आणि प्रत्येकाला ४० मिलिसेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी वीस शोध चालू. आणि रांगेच्या सर्वांत सोप्या गणितात, वाढणारा निम्मा वेळ कामात असेल तर एकूण वेळ वाढण्याच्या वेळेच्या दुप्पट लागतो. ८० टक्के कामात असेल तर पाचपट, आणि ९० टक्क्यांना दहापट! "अजून दहा टक्के शिल्लक आहे की" असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं.

नव्या चाचणीचा निकाल लागला. एरवी सगळं ठीक, पण लिहिण्याची गर्दी आणि मोठ्या डब्यांचं एकत्रीकरण एकाच वेळी आलं की बारा मिलिसेकंदांचे नव्वदच्या घरात जायचे. सहा सर्व्हरना ते झेपत नव्हतं.

किती पानांचा स्वयंपाक

मग सायझिंग. आकडे सोयीसाठी बदलून सांगते, पण रीत खरी आहे. समजा, रोज २०० जीबी लॉग येतात आणि ते ३० दिवस ठेवायचेत. एक मूळ प्रत आणि एक रेप्लिका, म्हणून दुप्पट. सूचीचा पसारा म्हणून दहा टक्के जास्त धरू. झाले १३,२०० जीबी. आता ८५ टक्क्यांची ती पहिली खूण आठवा. १५ टक्के मोकळे ठेवायचे, आणि अंदाज चुकला तर म्हणून वर १० टक्के. म्हणजे सव्वापट, १६,५०० जीबी. रोज लिहिल्या आणि शोधल्या जाणाऱ्या डेटासाठी एक ढोबळ प्रमाण वापरतात, एक जीबी मेमरीमागे तीस जीबी डेटा. ६४ जीबीच्या सर्व्हरमागे १,९२० जीबी. भागाकार येतो साडेआठच्या जरा वर, म्हणजे नऊ सर्व्हर. आणि एखादा पडेल म्हणून एक जास्त. दहा. तो शेवटचा 'एक जास्त' पाहिला की मला ती लक्ष्मीपूजनाची रात्र आठवते.

हे प्रमाण म्हणजे वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी म्हणण्यासारखं. तांदूळ नवा की जुना, ते शिजवूनच कळतं. त्याची चाचणी त्यासाठीच होती, आणि तीही दहावरच येऊन थांबली.

सामायिक कपाट वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, कपाट विकणारे सांगतात, की सारखा डेटा आम्ही एकदाच ठेवतो, त्यामुळे जागा वाचते. पण मूळ प्रत आणि रेप्लिका आपापले डबे आपापल्या वेळी भरतात. मजकूर तोच असला तरी डिस्कवरचे बाइट सारखे नसतात, आणि लूसीनने ते आधीच दाबून बसवलेले असतात. त्यामुळे या बाबतीत फार मोठी बचत गृहीत धरू नये. दोन, दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर सर्व्हर पडल्यास वाचाल, कपाट पडल्यास नाही. किल्लीची जोडकिल्ली त्याच कुलपाच्या खोक्यात ठेवण्यासारखं ते.

आता खरा प्रश्न उरला. विक्रीवाले सहा बोलून चुकले होते. पहिल्या चाचणीचा देखणा निकाल कोणीच खोटा म्हटला नसता. तो मोजलेला होता, बनवलेला नव्हता. रात्री लेक झोपल्यावर हा सोफ्यावर बसून म्हणाला, "सहा सांगितले तर आत्ता सगळे खूश. दहा सांगितले तर ग्राहक गेला म्हणून माझ्या नावाने ओरड. आणि आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं."

तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कोणाला सांगितली नव्हती. मी शिकवत असताना एकदा निकालाची टक्केवारी सुधारावी म्हणून वरून सूचना आली, की काठावरच्या मुलांना चार-पाच गुण द्या. मी ते दिले. नवीन होते, नोकरी टिकवायची होती. त्यातला एक मुलगा पुढच्या वर्गात गेला आणि पहिल्या सहामाहीतच त्याने कॉलेज सोडलं. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं, मी त्याला गुण दिले. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

नवरा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही चाचण्यांचे निकाल पाठवले, पहिली का चुकीची ते एका पानात लिहून, आणि शेवटी आकडा घातला दहा.

दोन आठवडे कोणी काही बोललं नाही. ते दोन आठवडे कसे गेले ते मी लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांना ते ठाऊक आहेत. मग ग्राहकाच्या इंजिनिअरने ती चाचणी जशीच्या तशी मागवून घेतली आणि स्वतःच्या यंत्रांवर चालवली. त्याचे आकडे याच्या आकड्यांच्या आसपासच आले. व्यवहार झाला, पण तीन महिने उशिरा. विक्रीवाले गृहस्थ अजूनही याच्याशी बेताचंच बोलतात. नोकरी आहे. झोपही बरीचशी परत आलीय.

मी पुन्हा परीक्षक

या उन्हाळ्यात माझा कामाचा परवाना आला. आठ वर्षांनी. मराठीची एम. ए. बाई इथे काय करणार, हा प्रश्न माझ्या माहेरच्यांनाही पडलाय. मी कम्युनिटी कॉलेजात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या वर्गात नाव घातलंय. वर्गात माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलं आहेत. त्यांना कोड माझ्यापेक्षा झरझर लिहिता येतं. पण प्रश्नपत्रिका कशी काढायची, कोणता प्रश्न सोपा म्हणून घातला जातो आणि कोणता टाळला जातो, हे मला सहा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. ते वाया गेलेलं नाही, हे कळायला मात्र एवढी वर्षं लागली.

सरावासाठी मी आपल्या मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर लॅपटॉपवरच्या इलॅस्टिकसर्चमध्ये भरतेय. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधले अंक हाताने सुधारावे लागतात, ते काम संथ आहे. शिवाय 'घर' शोधलं तर 'घरी', 'घराला', 'घरांत' सापडत नाहीत. आपल्या विभक्ती त्याला शिकवायच्यात. जुने अंक घरात असतील तर कृपया द्या, जपून परत करेन.

यंदा लक्ष्मीपूजनाला फोन नेहमीप्रमाणे चालूच असेल. त्याच्या कामात तो बंद ठेवता येत नाही. पण पाटाशेजारी ठेवणार आहोत, लाह्या-बत्ताशांच्या बाजूला. वाजला तर वाजला. त्या कागदावर या वेळी 'एक जास्त' लिहिलेला आहे.

रेसिपी पुढच्या वर्षी नक्की देईन. तुम्हां सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.